खुर्ची सोडून मांडलेला ठराव

आमच्या घरात एकच खुर्ची होती. लोखंडी, घडीची, पाठीवर कुठल्याशा सभागृहाचा पुसट झालेला आकडा असलेली. एका सभेनंतर ती चुकून आमच्या सामानात आली आणि ज्यांची होती त्यांनी परत मागितली नाही, असं आबा सांगत. एरवी ती भिंतीला टेकवून ठेवलेली असे. कुणी ती उघडली, की घरात आज बैठक आहे हे सगळ्यांना कळायचं.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपात दिवसभर गाडीखाली आडवे आणि संध्याकाळी चळवळीत उभे, असं त्यांचं आयुष्य. धुळ्यात, पांझरेच्या पलीकडे देवपुरात, आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत एका भिंतीशी पत्रकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले असत. जमिनीच्या प्रश्नावरची, वसतिगृहांच्या प्रश्नावरची, हुंड्याविरुद्धची, दारूविरुद्धची. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. शेजारच्या मुली गोष्टी ऐकत झोपायच्या, आम्ही भावंडं मागण्या ऐकत झोपायचो. मला त्यात काही उणं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

जेवणं झाली की एकाने उभं राहून एक पत्रक मोठ्याने वाचायचं, अशी रीत होती. बसून वाचलेलं आबांना चालत नसे. लिहिणाऱ्याने जिथे जोर दिला आहे तिथे वाचणाऱ्यानेही द्यायचा. मग बाकीच्यांनी त्यात काय राहिलं ते सांगायचं. धाकटा भाऊ भूमिका तपासायचा, आबा मागण्या तपासायचे. आई भाकरीच्या पिठाचे हात पुसत दारात येऊन एकच प्रश्न विचारायची, की हे वाचून माणसानं उद्या सकाळी काय करायचं ते लिहिलंय का. बहुतेक पत्रकं आईच्या प्रश्नाला नापास होत.

घरातले निर्णयही असेच व्हायचे. बैठक बोलवायची, आबा खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. हात वर करून बोलायचं. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, अनुमोदन नाही मिळालं तर ठराव पडतो. अध्यक्षांनी स्वतः ठराव मांडायचा नाही. आणि सगळ्यात कडक नियम हा, की स्वतःच्या फायद्याचा ठराव कुणीही मांडायचा नाही. बोलायचंसुद्धा नाही त्यावर. चळवळीत आबांनी आपलंच नाव आपणच सुचवणारी माणसं पाहिली होती आणि त्या दृश्याची त्यांना किळस होती. आपल्या घरात असली माणसं निपजू नयेत म्हणून त्यांनी हा नियम केला होता.

त्यामुळे आमच्या घरात कुणाला काही हवं असेल, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात यावं लागे. भावाची चप्पल तुटली की मी ठराव मांडायची. माझी छत्री गळायला लागली की तो. लहानपणी आम्ही एकदा आपसात ठरवूनच टाकलं, तू माझं मांड, मी तुझं मांडते. दुसऱ्याच बैठकीत आबांनी ते ओळखलं आणि याला संगनमत म्हणतात, असं समजावून सांगितलं. दोन्ही ठराव पडले. हसणारे हसतात या पद्धतीला. हसू द्या. बापानं नुसता घसा खाकरला की सगळ्यांनी गप्प व्हायचं, अशी घरंही मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांना कुणी हसत नाही.

एक गोष्ट मात्र मला कॉलेजात गेल्यावर दिसायला लागली. बाईच्या हक्कांची पत्रकं आमच्या भिंतीशी गुडघाभर उंच होती. पण त्या खुर्चीवर आई कधी बसली नव्हती. तिच्यासाठी कुणी काही मांडल्याचंही मला आठवेना. एकदा हे मी बैठकीत बोलले. आबा म्हणाले, की मुद्दा बरोबर आहे, पुढच्या वेळी विचार करू. पुढची वेळ यायला पुष्कळ दिवस गेले.

मी चित्र शिकले ते कापडावर. शाळेत असतानाच मोर्चाचे फलक रंगवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर सरळ यायचं. हातभर उंचीची अक्षरं, लांबून वाचता यायला हवीत, ओळीच्या शेवटी जागा संपता कामा नये. मग अक्षरांशेजारी मूठ, नांगर, पाटी घेतलेली मुलगी. पुढे जळगावला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन मी चित्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत ड्रॉइंगची बाई म्हणून लागले. फलकांचं काम सुटलं नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून पाचोऱ्यापर्यंत कुठेही मोर्चा असला, की गुंडाळी केलेलं पांढरं कापड आमच्या दारात येऊन पडायचं.

असाच एक फलक मी हिवाळ्यात जळगावच्या एका सभागृहाच्या व्हरांड्यात रंगवत होते. तिथे एक परदेशी बाई येऊन उभ्या राहिल्या. अजिंठ्याची लेणी पाहायला आल्या होत्या, स्वतः चित्रकला शिकवत होत्या. जमिनीवर बसून, खुणा न करता मी अक्षर काढते हे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचं बोलणं झालं. इंग्लंडमध्ये त्यांच्यासारख्या शिक्षकांची एक संस्था होती. दरवर्षी दूरच्या देशातल्या एका चित्रशिक्षकाला ते उन्हाळ्यातल्या छोट्या अभ्यासक्रमासाठी बोलवत, जाण्यायेण्याचा आणि शिकण्याचा खर्च वर्गणीतून करत. त्यांनी माझा पत्ता लिहून घेतला. महिन्याभराने कळवलं, की जागा तुझी आहे, माहितीपत्रकं पाठवतो, त्यातला कुठला अभ्यासक्रम हवा ते तू निवड.

घरात आनंद झाला, पण आनंदाचीही आमच्याकडे चौकशी होते. पैसा कुणाचा, हे भावाने तीनदा विचारलं. शिक्षकांच्या वर्गणीचा आहे म्हटल्यावर त्याचं समाधान झालं. उन्हाळ्यातला अभ्यासक्रम म्हणजे मे महिना, हे आम्ही सगळ्यांनी न बोलताच धरलं होतं. शाळेला सुट्टी असते, रजेचा प्रश्न नाही. पेरण्या उरकल्यावर, जुलैत, वनजमीन कसणाऱ्या लोकांचा धुळ्याच्या कलेक्टर कचेरीवर मोर्चा ठरला होता. त्याचे फलक मी परत आल्यावर रंगवेन, असा शब्दही मी मोर्चाच्या समितीला देऊन टाकला. फक्त आईला एक शंका होती. मे महिन्यात डोकं वर काढवत नाही, ब्रश भांड्यातून कापडापर्यंत नेईतो वाळतो, अशा दिवसांत कोण कशाला चित्र शिकवायला बसेल? मी म्हटलं, तिकडे थंड असतं. ते बरोबर होतं, पण पुरेसं नव्हतं.

माहितीपत्रकं आली तेव्हा कळलं, की तिकडचा उन्हाळा आपल्या पावसाळ्यात असतो. एक जुलैत, दोन ऑगस्टच्या शेवटी. भूगोलात हे मी स्वतः शिकले होते. पण आपल्या अंगाला माहीत असलेला उन्हाळा पुस्तकातल्या उन्हाळ्याला आत येऊच देत नाही.

पत्रक म्हटल्यावर ते वाचलं जाणारच होतं. त्या रात्री जेवणानंतर मी उभी राहिले आणि एकेक वाक्य इंग्रजीतून मराठीत करत वाचायला लागले. त्या दिवसांत आत्या आलेली होती. आत्या आबांची थोरली बहीण, आबा तिला अक्का म्हणत. अमळनेरजवळच्या खेड्यात राहायची. तिचं बोलणं सगळं अहिराणी. आबा तिच्याशी अहिराणीत बोलायचे आणि आमच्याकडे वळले की पत्रकाच्या मराठीत.

पहिलं होतं एका मोठ्या संग्रहालयातलं. तिथले जुने पुतळे समोर ठेवून रेखाटन करायचं. भावाने फोटो पाहिला आणि म्हणाला, हे सगळे राजे आणि सरदार दिसतात. ते तिथेच निकालात निघालं. दुसरं होतं एका कारखान्यांच्या शहरातलं, पोस्टर कसं करायचं आणि कमी खर्चात त्याच्या शेकडो प्रती जाळीतून कशा छापायच्या ते शिकवणारं. ते मी जोरात वाचलं. भाऊ मांडी सावरून बसला. ‘कामगारांच्या वस्त्यांसाठी’ हे शब्द आले तेव्हा आबांनी मान हलवली. आईसुद्धा म्हणाली, यात उद्या काय करायचं ते लिहिलंय. शिवाय ते ऑगस्टअखेरचं, म्हणजे मोर्चानंतरचं.

तिसरं, जुलैतलं, दोन घड्यांचं साधं पत्रक होतं. नदीकाठचं एक लहान गाव. तीन आठवडे. फक्त पेन्सिल आणि कागद. रोज बाहेर जाऊन बसायचं आणि समोर जे असेल त्यातलं आपल्याला हवं ते काढायचं. रंग नाहीत, छपाई नाही. शेवटी लिहिलं होतं, की अभ्यासक्रमाच्या अखेरीस प्रदर्शन होणार नाही, काढलेलं कुणालाही दाखवण्याची सक्ती नाही. फोटोत एक बाई गवतात बसून कुंपण काढत होती. मागे गाय.

भाऊ म्हणाला, यात भूमिकाच नाही. आत्याने फोटो हातात घेतला आणि एवढं गवत कुणी कापत कसं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

मी पण म्हटलं, हो, भूमिका नाही. आणि पत्रक घडी करून ठेवलं.

पण मला तेच हवं होतं. का हवं होतं हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मी काढलेली प्रत्येक रेघ हजार माणसांनी लांबून पाहण्यासाठी होती. मूठ मी डोळे मिटून काढू शकत होते, पण माझ्या आईचा हात कसा दिसतो हे मला कागदावर येत नव्हतं. शाळेतल्या मुलींना मी सांगायची, समोर बघा आणि काढा. मी स्वतः समोर बघून शेवटचं काय काढलं होतं? कुणाला दाखवायचं नाही, हे वाक्य मला तहान लागल्यासारखं परत परत आठवत होतं. आणि त्याची लाजही वाटत होती. लोक जमिनीसाठी पायी चालत येणार आणि मी तिकडे कुंपण काढत बसणार? असल्या माणसांवर मी स्वतः एका पत्रकात कडक शब्दांत लिहिलं होतं. त्या लिखाणातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नव्हता. आणि तरी ते कुंपण डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

बोलायची सोय नव्हतीच. स्वतःच्या फायद्याचं मांडायचं नाही. मी बोलले असते तरी काय बोलले असते? त्या आठवड्यात ओळखीचे जे कुणी घरी आले त्यांना भाऊ पोस्टरच्या अभ्यासक्रमाबद्दल सांगत होता आणि मी मान हलवत होते.

रविवारी दुपारी बैठक बसली. खुर्ची उघडली गेली, आबा बसले. आई, भाऊ, मी सतरंजीवर. आत्या उंबऱ्याला पाठ टेकून लसूण सोलत होती. पाहुणी म्हणून तिला बोलता येत होतं, मतदानाचा प्रश्न कधी आलाच नव्हता.

भावाने हात वर केला. पोस्टरच्या अभ्यासक्रमाला ताईने जावं, असा ठराव त्याने मांडला आणि त्याची कारणं इतकी चांगली सांगितली, की मलाही क्षणभर पटलं. चळवळीला छपाई येणारा माणूस मिळेल. जुलैच्या मोर्चाला ताई इथे असेल. घोषणा समिती शेवटच्या आठवड्यात ठरवते, तेव्हा फलक आधी रंगवून ठेवता येत नाहीत, हेही त्याने सांगितलं. आणि तो खोटं काहीच बोलत नव्हता. तो माझ्यावर प्रेम करत होता आणि मी रोज जे बोलत आले होते तेच माझ्यासाठी मागत होता.

आबांनी अनुमोदनासाठी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहत होती. मी सतरंजीकडे. आईने हात वर केला नाही. मग आबांनी जे केलं ते त्यांनी आमच्या जन्मात कधी केलं नव्हतं. ते उठले.

‘‘मला एक ठराव मांडायचाय,’’ ते म्हणाले. ‘‘अध्यक्षाला मांडता येत नाही, म्हणून मी खुर्ची सोडतो. तू बस.’’

हे आईला होतं. आईला वाटलं ते थट्टा करतायत. मग तिने हातातली सुपारीची पुडी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरं माणूस टेकतं तशी. आबा सतरंजीवर तिच्या जागी येऊन बसले आणि त्यांनी हात वर केला. आईला काय करायचं सुचेना. भाऊ हळूच म्हणाला, ‘‘अध्यक्ष, त्यांना बोलायला सांगा.’’

‘‘बोला,’’ आई म्हणाली.

आबांनी नदीकाठच्या गावाच्या, पेन्सिलच्या अभ्यासक्रमाचा ठराव मांडला.

भाऊ हसला. मग आबा हसत नाहीत हे पाहून थांबला. त्याने विचारलं, की आपणच ज्याला भूमिका नाही म्हटलं ते का, आणि मोर्चाचे फलक कोण रंगवणार?

‘‘फलक मी रंगवीन.’’

‘‘आबा, तुमचं अक्षर...’’

‘‘माझं अक्षर वाईट आहे. मागणी चांगली आहे.’’

मग ते माझ्याकडे न बघता, आईला उद्देशून बोलले, अध्यक्षांना बोलतात तसं. ‘‘हिनं परवा तिन्ही पत्रकं वाचली. दोन वाचली ती भाषणासारखी. तिसरं वाचताना हिचा आवाज खाली आला. मी आयुष्यभर पत्रकं ऐकली आहेत. पटलेलं माणूस मोठ्याने वाचतं. पण ज्याला हवं असतं ते असं वाचतं, कुणी हिसकावून घेईल अशा भीतीनं. आजवर हिनं जे काढलं ते आपण सांगितलं म्हणून काढलं. मूठ काढ म्हटलं, मूठ काढली. एकदा हिला काय दिसतं ते हिला बघू दे.’’

नियमाप्रमाणे मला बोलता येत नव्हतं आणि त्या नियमाचे मी मनात आभार मानले.

पण अनुमोदन? आई खुर्चीवर गेल्याने ती देऊ शकत नव्हती. माझाच विषय म्हणून मी देऊ शकत नव्हते. भाऊ देणार नव्हता, त्याचा स्वतःचा ठराव होता. आबांनी खुर्ची सोडताना हा हिशेब केलाच नव्हता. वर्षानुवर्षं बैठका चालवलेल्या माणसाचा ठराव त्यांच्याच घरात अनुमोदनावाचून पडायला आला होता, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

उंबऱ्याजवळून आत्याचा लसणाचा हात वर आला.

‘‘पोर तं उन्हाळामाच जाऊ म्हने. तठला उन्हाळाच उशिराना शे, त्यामा तिना काय दोष? मनं अनुमोदन शे.’’

भावाने हरकत घेतली. पाहुण्यांना बोलता येतं, अनुमोदन देता येत नाही.

आईने आबांना विचारलं, ‘‘असा नियम आहे?’’

‘‘नियम नाही,’’ आबा म्हणाले. ‘‘प्रथा आहे.’’

‘‘मग आजपासून नाही,’’ आई म्हणाली. आणि ती खुर्चीत मागे सरकून पाठ टेकून बसली.

मतदान झालं. आबांचा हात, आत्याचा हात. भावाने विरोधात हात वर केला आणि ठराव मंजूर झाल्यावर त्यानेच सतरंजीवर बसल्या बसल्या टाळी वाजवली. माझा विरोध नोंदलेला राहू दे, म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. संध्याकाळी तो स्टेशनरीच्या दुकानातून माझ्यासाठी पेन्सिली घेऊन आला, गडद आणि फिक्या, सगळ्या प्रकारच्या. माहितीपत्रकात पेन्सिली तिकडे मिळतील असं लिहिलं होतं, हे त्याला मी सांगितलं नाही.

बिनपगारी रजा मिळाली. जुलैत मी गेले.

तिकडचं फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे फार काही घडलं नाही आणि तेच मला हवं होतं. उन्हाळा म्हणवणाऱ्या त्या दिवसांत मी दोन स्वेटर घालून बसत होते. पहिले काही दिवस हातच ऐकेना. खांद्यापासून फिरायची सवय, पेन्सिल कागदाच्या बाहेर जायची. शिकवणाऱ्या बाईंना मी विचारलं, मी काय काढू? त्या म्हणाल्या, ते मी सांगणार नाही. त्या उत्तराचा मला राग आला. सांगणारं कुणी नसलं की माणूस किती रिकामा पडतो, हे मला त्या गवतात बसून कळलं. कागदावर आपोआप मूठ यायची आणि मी ती खोडायची. मग एक दिवस कुंपणाच्या खाली पडलेलं पाणी मी काढलं. चांगलं आलं नाही. पण ते पाणी कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच परत काढलं. त्या तीन आठवड्यांत मी पाणी, गवत, एका म्हाताऱ्याचे गुडघे आणि पुष्कळ वेळा त्याच गायीचं एकाच बाजूने दिसणारं तोंड काढलं. मोर्चा ज्या दिवशी होता त्या दिवशी मात्र मला बसवेना. सकाळपासून नदीच्या कडेने चालत राहिले. आमचे लोक चालत असताना मला बसून राहणं जमलं नाही, इतकंच.

परत आले तेव्हा धुळ्यात पाऊस थांबून ऊन पडलं होतं. जेवण झालं, सामान उघडलं, आत्याला द्यायचा मफलर बाजूला ठेवला. मग कोपऱ्यात उभी केलेली कापडाची गुंडाळी मला दिसली.

‘‘ते नको उघडू,’’ भाऊ म्हणाला.

मी उघडलं. ‘कसतो त्या रानाचा सातबारा आमच्या नावे करा.’ पहिला शब्द हातभर उंच, भक्कम. ‘रानाचा’पर्यंत ओळ ठीक चालली होती. तिथून अक्षरं लहान होत गेली होती, ‘नावे’ अगदी काठाला जाऊन भिडलं होतं आणि ‘करा’ला जागाच न उरल्याने ते कोपऱ्यावरून खाली वळलं होतं, जिना उतरल्यासारखं. रंग पावसाने एके ठिकाणी ओघळला होता.

‘‘वर्तमानपत्रातल्या फोटोत ‘करा’ आलंच नाही,’’ भाऊ सांगत होता. ‘‘सगळे विचारतात, आमच्या नावे काय?’’

‘‘काय करायचं ते साहेबाला माहीत आहे,’’ आबा म्हणाले. ‘‘निवेदन घेतलं ना त्यानं? त्यात ‘करा’ आहे.’’

आई हसत होती. ती खुर्चीवर बसली होती, बैठक नसताना. मी नव्हते तेवढ्या दिवसांत तिथे बसून भाजी निवडायची तिला सवय लागली होती, आणि त्यावर ठराव कुणी मांडला नव्हता.

भावाचं म्हणणं होतं, की कापड चांगलं आहे, ताईने उलट्या बाजूने नवं रंगवावं. आबांनाही ते पटलं. घडी करू म्हणून त्यांनी एक टोक धरलं आणि माझ्या हाती दुसरं दिलं. आम्ही ते ताणून धरलं. पलीकडच्या टोकाला, खाली उतरणाऱ्या त्या ‘करा’च्या मागे, आबा उभे होते. दारातून ऊन येत होतं आणि कापडाच्या काठावर त्यांचे हात दिसत होते. ग्रीस कधीच न निघालेली नखं, वाकडी झालेली करंगळी. इतकी वर्षं मी मुठी काढल्या होत्या आणि हे हात मी पाहिले नव्हते.

मी माझं टोक आईकडे दिलं. आईने ते खुर्चीवर बसूनच धरलं.

‘‘आबा, तसेच उभे राहा,’’ मी म्हटलं आणि पिशवीतून पेन्सिल काढली.

‘‘हे कशासाठी? कुठं लावायचंय?’’

‘‘कुठंच नाही.’’

ते आयुष्यभर कशासाठी तरीच उभे राहिले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, अध्यक्षांकडे परवानगीसाठी बघतात तसं. आईने मान हलवली. मग ते कापड छातीशी धरून नीट उभे राहिले, आणि बऱ्याच वेळाने, ओठ न हलवायचा प्रयत्न करत, त्यांनी हळूच विचारलं, ‘‘श्वास घेतला तर चालेल ना?’’